गुरुवार, दोन वाजून दहा मिनिटं

१

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता अल्का मेश्रामला कळलं, की आपण नोकरी सोडली आहे.

कळवणारे होते मुख्याध्यापक भोजराज पटले. त्यांनी टेबलावरून एक कागद पुढे सरकवला. कॉम्प्युटरवर छापलेला राजीनामा. घरच्या अडचणींमुळे मी संगणक चालकाचं पद स्वखुशीने सोडत आहे वगैरे, आणि खाली निळ्या शाईत सही. शुक्रवारी संध्याकाळी टपालाच्या ट्रेमध्ये सापडला म्हणे. "मी हे लिहिलंच नाही सर," असं तिने दहा वेळा सांगितलं. तेव्हा सरांनी विज्ञानाच्या विवेक गजभिये सरांना तिच्या कॉम्प्युटरात बघायला लावलं, तर तिथेही तोच राजीनामा निघाला! गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लिहिलेला. आणि गुरुवारी दुपारी त्या खोलीत अल्काशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"माणूस खोटं बोलते बाई, मशीन कायले बोलेल?" पटले सर म्हणाले. बुधवारी एक वाजता संस्थेचे सचिव मुन्नालालजी येतील आणि राजीनामा मंजूर होईल, असं सांगून त्यांनी कागद फायलीत घातला.

हे सगळं अल्काने संध्याकाळी सुशीलाबाई रहांगडाले यांच्या ओट्यावर बसून रडत रडत सांगितलं. सुशीलाबाई चौसष्ट वर्षांच्या. गोंदियाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून बसल्या होत्या. पुढे नंबर आपोआप लागायला लागले, खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि बाई गोंदियाजवळच्या गोरेगावला घरी येऊन बसल्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, पण कान अजून शाबूत होते. आणि एकतीस वर्षं लोकांची बोलणी जोडून देणारी बाई कोणाच्या शब्दावर सहजासहजी विश्वास ठेवत नसते. समोर रडणाऱ्या पोरीवरही नाही.

"सही कोनाची?" पीठ चाळता चाळता त्यांनी विचारलं.

"माहीच आहे मावशी."

"मंग?"

"मी ह्या कागदावर नाही केली!"

"गुरुवारी दुपारी काय करून राहिली होती तू?"

"खिडकीजवळ बसून पोरींच्या नावांची यादी हाताने लिहून राहिली होती. चार वाजेपर्यंत."

"तुह्याशिवाय कोन बसते त्या कॉम्प्युटरवर?"

अल्का गप्प झाली. फार नाही, दोन श्वासांएवढीच. मग म्हणाली, "कोनीच नाही."

हे 'कोनीच नाही' सुशीलाबाईंच्या कानाला खटकलं. पोरगी काहीतरी लपवत होती. त्यांनी चाळणी आपटली. "हे पीठ पाह, रवा आहे का पीठ! गुरुवारी भर दुपारी डबा गिरणीत अडकून पडला. चार वाजता दळून भेटलं, तेबी असं जाडंभरडं. आता महिनाभर दात मोडून घ्या."

अल्काला पिठाचं काय! तिची आई अंजना लोकांच्या बांधीत, भाताच्या शेतात रोवणी करून कंबर मोडून घेत होती. भाऊ संघदीप नागपूरला शिकत होता, तो बहिणीच्या पगारावर. घरातली खुर्चीवर बसायची ही पहिलीच नोकरी. ती गेली असती, तर पुढच्या पावसाळ्यात अल्काही आईशेजारी चिखलात उभी राहणार होती.

"रडू नोको," सुशीलाबाई म्हणाल्या. "उद्या शाळेत येते मी. पन एक सांगून ठेवते, तू खोटी निघाली तर सगळ्यात आधी मीच तुह्या कानाखाली लावीन."

२

मंगळवारी साडेदहाला बाई शाळेत हजर. आत पंखे बंद होते. पटले सरांनी कपाळावरचा घाम पुसत राजीनाम्याचा कागद दाखवला. बाईंनी तो नाकापाशी धरून पाहिला. अक्षरं धूसर दिसली, पण एक गोष्ट आंधळ्यालाही दिसली असती. मजकूर वरच्या अर्ध्यात संपला होता आणि सही पार तळाशी. मध्ये बैल बसेल एवढी जागा मोकळी!

"सर, एवढी जागा सोडून सही कोन करते जी?"

"ते तिले विचारा," सर म्हणाले.

विवेक गजभिये व्हरांड्यात भेटले. तरुण, चटपटीत, कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली यांच्याकडेच. बोलताना सारखे घड्याळ बघत होते.

"ह्या पदासाठी तुमच्या घरवालीनं अर्ज केला होता ना?" बाईंनी थेटच विचारलं.

गजभिये सर लाल झाले. "रीनाने? हो, अडीच वर्षं झाली त्याला. म्हणून काय मी असे धंदे करू? शिक्षक आहे मी बाई!"

"चिडता कायले? विचारलंच फक्त. अल्का सोडून त्या मशीनीले कोन हात लावते?"

"मी कधीमधी, एका बोटाने; टाइपिंग कुठे शिकलोय मी! आणि इंद्रकुमार, स्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास आहे त्याचा. दर शुक्रवारी येतो सफाई करायला. ह्या शुक्रवारीही फ्लॉपी घेऊन आला होता. व्हायरस काढला म्हणे. बाकी आमचा कॉम्प्युटर म्हणजे रडगाणंच. बॅटरी मेली दिवाळीला, लाईट गेली की दोन मिनिटं दम धरत नाही."

मग बाई ऑफिसात गेल्या. हेडक्लार्क भैय्यालाल बिसेन टेबलाशी बसले होते. छप्पन वर्षांचे, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. तालुक्यात त्यांच्यासारखा टाइपिस्ट नव्हता. पण अल्का आली, कॉम्प्युटर आला आणि त्यांचा टाइपरायटर कपाटावर जाऊन बसला. टेबलावर त्याच्या पायांचे चार खळगे तेवढे उरले होते. बाईंची बोटं बोलता बोलता त्या खळग्यांतून फिरली.

"ह्या कोऱ्या कागदावरच्या सह्यांची भानगड काय आहे भैय्यालालजी?" त्यांनी अंधारात दगड मारला.

दगड बरोबर लागला. भैय्यालालजींनी खाली मान घालून एक फाईल काढली. शाळेतली कच्ची, पक्की नेमणूक नसलेली माणसं खेड्यापाड्यांतून यायची. रोवणीत, कापणीत, कोणी मेलं-गेलं तर अचानक रजा लागायची. म्हणून प्रत्येकाने तीन-तीन कोऱ्या कागदांवर तळाशी सही करून ठेवायची आणि निरोप आला की भैय्यालालजी वर अर्ज टाइप करायचे. वीस वर्षांची पद्धत. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"अल्काचे किती आहेत?"

त्यांनी मोजले. पुन्हा मोजले. "दोनच आहेत जी."

"तिसरा कुठं गेला?"

"मले नाही माहीत. फाईल इथंच टेबलावर असते. सगळेच चहाले इथं बसतेत. गजभिये सर बसतेत, इंद्रकुमार बसते…"

"आन् तुमी तर दिवसभर बसता."

भैय्यालालजींचा आवाज चढला. "बाई, मी त्या डब्याले आजवर बोट लावलं नाही! मले चालवताबी येत नाही. विचारा कोनालेबी!"

आवाज अर्ध्या सुराने जास्त चढला होता. खरं बोलणाऱ्याला एवढा जोर लावावा लागत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या उठल्या. दाराजवळच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावला होता, मोत्यासारख्या अक्षरांत, दोन रंगांत.

"हे काय आहे जी?"

"लाईनीचं, लोडशेडिंगचं टाइमटेबल. कोन्या आठवड्यात कधी जाते, कधी येते. मीच लिहिलं."

बाईंना त्यातलं अक्षरही दिसत नव्हतं. त्या निघाल्या.

३

इंद्रकुमारच्या क्लासमध्ये शिरताच गार वारा अंगावर आला. मागच्या बाजूला काहीतरी धडधडत होतं. बाई पंख्याखाली टेकल्या आणि पदराने मान पुसली. सकाळपासून त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

"आओ मावशी, बोला!" इंद्रकुमार चाळिशीचा, गोड बोलणारा, अर्धं हिंदी अर्धं मराठी. शेजारी त्याची साळी, म्हणजे बायकोची बहीण, रुची बसली होती.

"टेलिफोनवाल्यायले अर्ज लिहायचा होता, पेन्शनीचा."

"अभी लो." त्याने लिहायला घेतलं. टक टक टक टक, विजेच्या वेगाने. आणि मधूनच एक जोरदार ठाप. पुन्हा टक टक टक आणि ठाप.

"फार लवकर चालतेत गा तुही बोटं. आधी टाइपिंग शिकला होता का?"

"अरे नाही मावशी! मी सुरुवातीपासून कॉम्प्युटरवाला. ती खटारा मशीन मी कधी पाहिली पण नाही."

बाईंनी हात टेबलावर ठेवला होता. बोटाखाली लाकडात एक खळगा लागला. थोड्या अंतरावर दुसरा.

"अल्काचं ऐकलं?"

"हो ना, बुरा लगा. अच्छी लडकी है. पण सोडलीच आहे तर काय करणार? पटले सर विचारत होते, कोणी आहे का म्हणून. मी रुचीचं नाव दिलं. लपवायचं काय त्यात?"

लपवायचं काहीच नसलेला माणूस बाईंना एकतीस वर्षांत भेटला नव्हता. पण इंद्रकुमारवर बोट ठेवायला हातात होतं काय? लाकडातले दोन खळगे! टेबल जुन्या बाजारातलंही असू शकत होतं.

४

बारा वाजून गेल्यावर बाई पुन्हा शाळेत आल्या. अल्काने त्यांच्यासाठी तो राजीनामा कॉम्प्युटरवर उघडला.

"मले काही दिसत नाही वो. अक्षरं मोठी कर."

अल्काने केली.

"आणखी मोठी."

अल्काने आणखी मोठी केली आणि मजकुराचा पार विचका झाला. एक ओळ पूर्ण, खाली दोनच शब्द, पुढे जागा कोरी. पुन्हा एक पूर्ण ओळ, खाली तीन शब्द.

"हे काऊन असं फाटलं?"

अल्का वाकून बघत राहिली. "मावशी, कॉम्प्युटरवर ओळ संपली की तो आपोआप खाली जाते. आपन नुसतं लिहीत राहायचं. अक्षर मोठं केलं तरी सगळं नीट सरकते. हे ज्यानं लिहिलं, त्यानं परतेक ओळीच्या शेवटी बटन दाबून हाताने खाली आणलं. आमाले क्लासात पहिल्याच दिवशी सांगतेत, असं करू नोका म्हणून."

"असं कोन करते मंग?"

"जुने टाइपिंगवाले. त्यायले सवय असते ना, घंटी वाजली की हाताने गाडी ढकलायची…"

ती बोलता बोलता थांबली. चेहरा उतरला.

"भैय्यालालजी," सुशीलाबाई म्हणाल्या.

"नाही मावशी! ते नाही!"

"काऊन नाही? तुले काय माहीत?"

"ते असं करनार नाहीत." आणि एवढं बोलून पोरीने ओठ घट्ट मिटले.

बाई तडक ऑफिसात गेल्या. भैय्यालालजी जागेवर नव्हते. बाईंनी टेबलावरचा टीपकागद उचलला, लाज न बाळगता. खाली एक चिठ्ठी होती. बाहेरून अल्काला बोलावून त्यांनी ती वाचायला लावली. मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं: कॉम्प्युटर सुरू करताना आधी मागचं बटण, मग पुढचं. लिहिलेलं जपून ठेवायला काय दाबायचं. बंद कसा करायचा.

ज्या माणसाने डब्याला बोट लावलं नव्हतं, त्याच्या टेबलावर डबा चालवायचा अख्खा पाठ!

"सापडला," बाई म्हणाल्या. अल्का मात्र भिंतीला टेकून उभी राहिली.

५

बुधवारी सकाळी बाई भाकर खायला बसल्या. जाड्या पिठाची कणी दाताखाली आली आणि त्या चडफडल्या. मेली ती गिरणी! गुरुवारी डबा दिला साडेअकराला, भेटला चारला. का, तर…

घास हातातच राहिला. "आई गं!" बाई मोठ्याने म्हणाल्या. "मी किती येडी!"

एक वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे जमले. खुर्चीत सचिव मुन्नालालजी, शेजारी पटले सर. गजभिये सर, भैय्यालालजी आणि इंद्रकुमार बाकावर. इंद्रकुमारला रुचीच्या नेमणुकीसाठी बोलावलं होतं. अल्का दाराशी. कोपऱ्यात कॉम्प्युटर आणून ठेवला होता, कारण सुशीलाबाईंनी तसा हट्टच धरला होता.

"पाच मिनिटं द्या मले," बाई म्हणाल्या. "मी एक अर्ज सांगते, आठ-दहा ओळींचा. तो आधी इंद्रकुमार लिहील, मंग भैय्यालालजी."

"मावशी, हा काय तमाशा?" इंद्रकुमार हसला, पण बसला. बोटांची हौस होतीच. बाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या. टक टक टक, ठाप. टक टक टक, ठाप. ठाप ऐकली की बाई एक बोट मुडपायच्या. नऊ बोटं मुडपली.

"आता भैय्यालालजी."

"त्यायले येत नाही बाई," पटले सर म्हणाले. "सगळ्या शाळेले माहीत आहे."

भैय्यालालजी बाकावरून हलले नाहीत. त्यांनी अल्काकडे पाहिलं. अल्काने मान हलवली, नाही म्हणून. नका उठू. बाईंना ते धूसर दिसलं आणि पोरीचं ते 'कोनीच नाही' त्यांना आत्ता कुठे उमगलं.

भैय्यालालजी उठले. कॉम्प्युटरपुढे बसले. कान लाल झाले होते.

"मले येते," ते म्हणाले. "चार महिने झाले. जेवणाच्या सुट्टीत ही शिकवते मले. मीच शपथ घातली होती हिले, कोनाले सांगू नोको म्हणून. तीस वर्षांचा टाइपिस्ट मी, बावीस वर्षांच्या पोरीसमोर बसून क, ख गिरवतो, हे लोकायले कसं सांगू? हिची नोकरी जाऊन राहिली होती, तरी हिनं सांगितलं नाही. अन् मी काल डब्याले बोट लावत नाही म्हणून खोटं बोललो. लाज वाटली मले. आता जास्त वाटून राहिली."

त्यांनी लिहायला सुरुवात केली. सावकाश, एकेक अक्षर शोधत. अल्काने शिकवलं होतं तसं, शेवटपर्यंत एकही ठाप आली नाही.

"आता दोनी कागदांची अक्षरं मोठी कर," बाई अल्काला म्हणाल्या.

भैय्यालालजींचा अर्ज नीट सरकला. इंद्रकुमारचा फाटला. एक ओळ पूर्ण, खाली दोन शब्द. अगदी राजीनाम्यासारखा. बाईंनी कारण समजावून सांगितलं: दर ठापेला इंद्रकुमारने बटण दाबून ओळ हाताने खाली आणली होती, नऊ वेळा.

इंद्रकुमार उसळला. "ये क्या सबूत हुआ? टाइपिंग येणारे गावात पन्नास आहेत!"

"आहेत ना. पन तू तर ती खटारा मशीन कधी पाहिलीच नव्हती. मंग तुह्या टेबलांवर तिच्या पायांचे खळगे कसे? इथं भैय्यालालजींच्या टेबलावर हात लावून पाह, तसेच आहेत."

"बापाचं इन्स्टिट्यूट होतं," तो पुटपुटला. "म्हणून काय झालं?"

"म्हणून काई नाही. अल्का, तो भिंतीवरचा तक्ता आन. मागच्या आठवड्यात गुरुवारी लाईन कधी गेली होती?"

अल्काने तक्ता आणला आणि बोट ठेवून वाचला. "बारा ते चार!"

"माहा डबा गिरणीत अडकला होता. ही पोरगी कॉम्प्युटर समोर असून यादी हाताने लिहून राहिली होती. इथली बॅटरी दोन मिनिटं चालत नाही, हे गजभिये सरच म्हणाले. मंग मुन्नालालजी, दोन वाजून दहा मिनिटांनी ह्या मशीनीवर राजीनामा लिहिला कोनी? भुतानं?"

मुन्नालालजी खुर्चीत पुढे सरकले. "पण मशीन तर तीच वेळ दाखवते."

"मशीन खरंच बोलून राहिली आहे. अल्का, फ्लॉपीतून आनलेल्या कागदाची वेळ बदलते का?"

"नाही. जिथं लिहिला, तिथलीच राहते."

"त्या वेळी सगळं गोरेगाव घामानं भिजून राहिलं होतं. ज्याच्या क्लासात जनरेटर धडधडते, त्यालेच कळत नाही लाईन गेलेली. भैय्यालालजी असते तर ही चूक झाली नसती, टाइमटेबल त्यांनीच लिहिलं आहे. गजभिये सर टाइपिंग शिकले नाहीत. चहा पिता पिता सहीचा कोरा कागद उचलला, क्लासात बसून लिहिला-छापला आन् शुक्रवारी फ्लॉपीतून इथं टाकला. साळीले नोकरी लागावी म्हणून. हो का नाही गा?"

इंद्रकुमार कोणाकडेच बघत नव्हता. "रुचीला काही माहीत नाही," एवढंच तो म्हणाला. मग मुन्नालालजी जे बोलले, ते हिंदीत होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही.

इंद्रकुमार गेल्यावर त्यांनी घसा साफ केला. "मेश्राम बाई, झालं ते झालं. जा, आपल्या कामाला लागा."

अल्का हलली नाही. तिने डोळे पुसले. "जाते सर. आधी माह्या सह्या वापस द्या."

भैय्यालालजी उठून ऑफिसात गेले आणि ती वीस वर्षांची फाईल घेऊन आले. दोन कागद काढून तिच्या हातात ठेवले. तिने ते तिथेच फाडले. बाकीचे कागद घेऊन भैय्यालालजी शिपायापासून पाणीवाल्या मंगरूपर्यंत एकेकाकडे गेले आणि प्रत्येकाला आपापल्या हाताने फाडायला लावले.

सुशीलाबाई घरी निघाल्या. कॉम्प्युटरच्या खोलीवरून जाताना आतून सावकाश टक, टक ऐकू येत होतं, आणि मधूनच अल्काचा आवाज. भर दुपारी, दार सताड उघडं ठेवून, भैय्यालालजी शिकत होते. बाई क्षणभर थांबून ऐकत राहिल्या. मग गिरणीवाल्याला दोन शब्द सुनावायचे राहिलेत हे आठवून तिकडे वळल्या.